दिल्लीचं धुकं, लालबागची हळद

मंडळाची पोरं घरी आली आणि बोलली, "परब मावशी, यंदाच्या अंकात तुम्ही लिहा. एअरपोर्टचं." मी बोलले, अरे, मी चौथीतून शाळा सोडली. ती पण कणकवलीकडची शाळा, जिथले मास्तर आंब्याच्या दिवसांत शाळेपेक्षा झाडावर जास्त असायचे. मी काय लिहिणार? तर बोलले, मग बोला, कोणीतरी टाइप करील. म्हणून मी फोनमध्ये बोलून पाठवतेय आणि माझी नात सायली टाइप करतेय. चुका दिसल्या तर तिच्या. माझ्या काही असतील तर त्या पण तिच्याच. तिला बी.कॉम. केलंय आम्ही.

मी एअरपोर्टला होते असं सांगितलं की नवीन माणूस आधी माझ्या तोंडाकडे बघतो, मग चपलांकडे. विमानात नव्हते रे बाबा. मी फरशीवर होते. हाउसकीपिंग. लोक जिथे बसतात, चालतात, सांडतात ते पुसायचं, बायकांची टॉयलेटं बघायची, कचऱ्याचे डबे रिकामे करायचे. रिटायर होईपर्यंत तेच केलं.

त्याच्या आधीचं थोडक्यात सांगते, नाहीतर पोरं बोलतील म्हातारीने रडगाणं लावलं. मालक गिरणीत होते. गिरणी बंद पडली तसे ते घरात बसले, आणि बसलेच. पुढे छातीच्या दुखण्यात गेले. मी पापड लाटले, माटुंग्याला भांडी केली, इथे मसाल्याच्या गल्लीत मिरच्यांचे देठ खुडले. त्या कामात एक बरं होतं. रडायला आलं तरी कोणाला कळायचं नाही, सगळ्याच बायकांचे डोळे लाल. मग शेजारणीच्या ओळखीने एअरपोर्टला कंत्राटी लागले. पहिल्या दिवशी एवढी गार हवा आणि एवढी चकचकीत फरशी बघून मी चपला काढून हातात घेतल्या. सुपरवायझर बोलला, "मावशी, देऊळ नाही हे." मी बोलले, "मग एवढं पुसता कशाला?"

आमच्या धंद्यात दोन गोष्टी मुख्य. एक म्हणजे पिवळी पाटी. फरशी ओली असली की ती उभी करायची. तिच्यावर घसरून पडणाऱ्या माणसाचं चित्र असतं, म्हणजे ज्याला वाचता येत नाही त्याला पण कळावं. इतक्या वर्षांत पाटी बघून थांबलेला माणूस मी बघितला नाही. लोक पाटीला वळसा घालतात आणि नेमके ओल्यात जातात. एक साहेब फोनवर बोलत आले, पाटीवरच आपटले, आणि पाटीला सॉरी बोलून गेले.

दुसरं म्हणजे लिंबाच्या वासाचं लिक्विड. ते पाण्यात किती टाकायचं ते हाताला कळावं लागतं. जास्त झालं तर फरशी चिकटते, कमी झालं तर डाग राहतो. आणि पाणी बदलायचं. घाणेरड्या पाण्याने पुसणं म्हणजे घाण सगळीकडे सारखी वाटणं. त्या लिक्विडचा वास हाताला बसतो तो साबणाने जात नाही. माझी मुलगी नमिता कामाला जायची, म्हणून सायली लहानपणी माझ्याकडेच वाढली. मी ड्युटीवरून आले की गळ्यात पडायची. बालवाडीत बाईंनी लिंबू दाखवून विचारलं, हे काय, तर ही बोलली, "आजी."

आता धुकं.

मुंबईत धुकं नसतं. आपल्याकडे थंडीच्या सकाळी पांढरं दिसतं तो बराचसा धूर. खरं धुकं दिल्लीला. पण दिल्लीला धुकं पडलं की ओरडा मुंबईत होतो. हे कसं ते मला पहिल्या थंडीत कळलं नाही. बाहेर लख्ख ऊन, आणि आत बसायला जागा नाही, टॉयलेटबाहेर ही एवढी रांग, कागदाचे रोल बदलून बदलून माझी मनगटं दुखली.

शेवटी एका म्हाताऱ्या कॅप्टनला विचारलं. त्यांचंच विमान अडकलेलं, चहा घेऊन बसले होते आणि मी त्यांच्या पायाखालचं पुसत होते. मी बोलले, "साहेब, तुम्ही वर ढगातून जाता. मग धुक्याला काय भिता?"

ते बोलले, "मावशी, वर कसली भीती? भीती खाली. धावपट्टी दिसायला पाहिजे ना. तिच्या कडेला यंत्रं असतात, ती मोजतात की नजर किती लांब पोचते. फारच कमी असेल तर उतरायचं नाही आणि उडायचं पण नाही. थोडं कमी असेल तर उतरता येतं, पण तीन गोष्टी लागतात. विमानात तशी सोय पाहिजे, धावपट्टीला तशी सोय पाहिजे आणि पायलट तसा शिकलेला पाहिजे. तिघांतलं एक नसलं तरी गप्प बसायचं."

मी बोलले, "म्हणजे लग्नासारखंच. मुलगा, मुलगी आणि भटजी."

ते हसले. मी पण हसले. तेव्हा मला काय माहीत.

बाकीचं मला चाळीमुळे कळलं. आमच्या चाळीत पूर्वी खाली एकच नळ होता. सकाळी पाणी यायचं. पहिल्याच बाईने गोधडी धुवायला काढली की मागच्या सगळ्यांच्या कळश्या अडकल्या. शेवटच्या बाईचा नवरा कामावर उशिरा पोचायचा आणि त्याला बिचाऱ्याला माहीत पण नसायचं की हे गोधडीमुळे झालं. विमानाचं तसंच. एकच विमान सकाळी दिल्लीहून मुंबईला येतं, मग गोव्याला जातं, मग परत येतं, मग आणखी कुठे. सकाळी ते दिल्लीला धुक्यात बसलं की संध्याकाळी गोव्याचा माणूस इथे बोंबलतो. त्यात पायलटच्या कामाचे तास ठरलेले असतात. विमानात नुसतं बसून राहिला तरी तास मोजले जातात. मग धुकं हटतं, विमान तयार होतं, आणि पायलट बोलतो, माझे तास संपले, दुसरा आणा. त्या वेळी लोकांची तोंडं बघावीत.

एकदा एक सुटातले गृहस्थ माझ्यासमोर येऊन उभे राहिले. काउंटरवरच्या पोरीशी भांडून झालं होतं, आता माझी पाळी. काचेकडे बोट दाखवून बोलले, "ओ बाई, तुम्ही सांगा. कुठाय धुकं? दाखवा मला धुकं."

मी मॉप धरून बाहेर बघितलं. ऊन पडलेलं. मी बोलले, "साहेब, धुकं दिल्लीला आहे. इथे फक्त त्याचा पसारा आहे."

त्यांनी हातातली बॅग खाली ठेवली. मग बोलले, "जरा सरका, मी इथे बसतो." आणि माझ्या पुसलेल्या फरशीवर सुटासकट मांडी घालून बसले.

एक दिल्लीची आजी होती, तिचा तर मी संसारच बघितला. खुर्च्यांच्या मागे चादर अंथरली, नातवंडं झोपवली, पराठे काढले, लोणच्याची बरणी काढली. चमचे बायकांच्या टॉयलेटमधल्या बेसिनमध्ये धुतले आणि शाल हात वाळवायच्या मशीनखाली धरून वाळवली. माझी पिवळी पाटी नेऊन तिचा नातवांना तंबू केला. मी पाटी मागायला गेले तर मला पराठा दिला. ड्युटीवर खायचं नसतं, मी बोलले. ती बोलली, "बैठ जा बहन, तेरा साब भी तो दिल्ली में फँसा होगा." खरंच, सुपरवायझर दोन तास दिसला नव्हता. मी पाटीच्या आडोशाला बसून खाल्ला.

आणि गिरगावच्या बायका. संक्रांतीचे दिवस, सगळ्या मिळून कुठेतरी सहलीला निघाल्या होत्या. धुक्याने बसवून ठेवल्या. थोडा वेळ भेंड्या झाल्या, मग एकीने पिशवीतून कुयरी काढली आणि तिथेच हळदीकुंकू सुरू. काउंटरवरच्या पोरीला लोक सकाळपासून शिव्या घालत होते, तिला पहिला तिळगूळ. ती बिचारी लाडू तोंडात धरून रडायलाच लागली. मग त्यांनी मला बघितलं. मी मागे सरले. बोलले, "बाई, माझे मालक नाहीत." ती कुयरीवाली बोलली, "माझे असून नसल्यासारखे आहेत. वाकवा मान."

वाकवली. दिवसभर कुंकू लावून टॉयलेटं पुसली. कोणी काही बोललं नाही.

त्या धुक्यांमधून मी एक गोष्ट शिकले. माणूस उशिराने चिडत नाही, "अर्ध्या तासात सांगतो" याने चिडतो. अर्धा तास, मग आणखी अर्धा तास, मग आणखी. तिसऱ्या वेळेला तो खुर्ची उचलतो. एकदाच एका मुलीने माइकवर खरं सांगितलं, की विमान कधी सुटेल ते आम्हाला माहीत नाही, कळलं की सांगू, तोवर सगळ्यांनी चहा घ्या. अख्खा हॉल गप्प झाला. लोकांनी चपला काढल्या आणि पाय वर घेतले.

पण एवढी वर्षं धुकं दुसऱ्यांचं होतं. माझं फक्त पुसायचं होतं. रिटायर झाल्यावर ते माझ्या घरी आलं.

सायलीचं लग्न ठरलं ओंकारशी. मुलगा आपलाच, पण दिल्लीचा. त्याचे बाबा रत्नागिरीकडचे, नोकरीला तिकडे गेले आणि तिकडचेच झाले. लग्न मुंबईत, दादरच्या हॉलमध्ये, मुहूर्त दुपारचा. सगळं जमलं, फक्त विहीणबाईंची एक अट. ओंकारला हळद लागणार ती दिल्लीच्या घरात, त्यांच्या देवासमोर. नवऱ्या मुलाला लावून उरलेली हळद मग नवरीला लावायची असते. उष्टी हळद. ती आल्याशिवाय नवरीला हळद नाही, हळद नाही तर न्हाणं नाही, आणि न्हाल्याशिवाय बोहल्यावर उभी राहणार कशी? म्हणजे आदल्या संध्याकाळी दिल्लीला हळद, दुसऱ्या दिवशी पहिल्या विमानाने मुंबई, आणि हळद घेऊन थेट हॉलवर.

घरात सगळे बोलले, आजीला विचारा, आजी एअरपोर्टवाली. मी सांगितलं, "फेब्रुवारीत दिल्लीला धुकं सहसा नसतं. पण नेम नाही." यातलं पहिलं अर्धं सगळ्यांनी ऐकलं. दुसरं अर्धं नमिताने मिक्सर लावला त्यात गेलं.

लग्नाच्या सकाळी आम्ही हॉलवर पोचलो. सायली जुनी पिवळी साडी नेसून पाटावर बसली. उपाशी. ओंकारची धाकटी बहीण रुचा करवली होती, हळदीचा स्टीलचा डबा तिच्याकडे. तिचा फोन आला, "आजी, विमानात बसलोय, पण बाहेर काही दिसत नाहीये. पंख पण दिसत नाहीये."

मी विचारलं, "पायलट काय बोलतो?"

"बोलतोय, अर्ध्या तासात सांगतो."

मी सायलीच्या बाजूला खाली बसले.

मग फोनवर फोन. सिक्युरिटीवाल्याने डबा उघडायला लावला होता. रुचाने सांगितलं, ये जूठी हल्दी है. तो बोलला, जूठी है तो ले क्यों जा रही हो? तिने त्याला सगळं लग्न समजावलं, तेव्हा त्याने सोडलं. ओंकारच्या तोंडाला रात्रीची हळद तशीच होती. शेजारचा माणूस एअर होस्टेसला हळूच विचारत होता, याला कावीळ आहे का, मला दुसरी सीट मिळेल का.

जावई, म्हणजे सायलीचे बाबा, येरझाऱ्या घालत होते. बोलले, "आई, तुमच्या ओळखी आहेत ना तिकडे. फोन करा ना कोणाला तरी."

मी बोलले, "कोणाला करू? धुक्याला?"

नमिताची जाऊ आली. ती व्यवहारी बाई. बोलली, "किचनमध्ये वाटीभर हळद आहे. लावा आणि मोकळ्या व्हा. कोणाला कळतंय?"

सायली पाटावरून बोलली, "काकी, रुचा सकाळपासून डबा मांडीवर धरून बसलीय. ती आल्यावर काय सांगू तिला, भाजीतली लावली?"

"आणि आली नाही तर?"

"तर बसून राहीन."

आमच्या घरातल्या बायकांना बसून राहायची सवय आहे, पण ती उपाशी होती आणि तिचे ओठ सुकले होते. गुरुजींनी पंचांग बघितलं आणि बोलले, आजचा दिवस गेला तर पुढे महिनाभर मुहूर्त नाही. ओंकारला तर चार दिवसांत नव्या कामावर परदेशी जायचं होतं. नमिता खांबाकडे तोंड करून उभी राहिली. मिरचीच्या गल्लीत उभं राहावं तशी, डोळे लाल.

मुहूर्ताची वेळ झाली. लोक भरले. अक्षता वाटून झाल्या आणि टाकायच्या कोणावर ते कोणाला कळेना. बँडवाल्याने दोनदा सुरू करून बंद केलं. जावई माइक घेऊन बोलायला लागले, "मंडळी, अर्ध्या तासात..."

मी जाऊन माइक काढून घेतला. आयुष्यात पहिल्यांदा माइक धरला. मी बोलले, "मंडळी, मी नवरीची आजी. दिल्लीला धुकं आहे. नवरा विमानात आहे आणि विमान जमिनीवर आहे. लग्न कधी लागेल ते मला माहीत नाही. जेवण तयार आहे, गरम आहे. बसून घ्या."

हॉल गप्प झाला. मग खुर्च्या सरकल्याचा आवाज आला आणि पहिली पंगत बसली. जेवून लोक स्टेजवर जात होते आणि दोन रिकाम्या खुर्च्यांच्या मागे उभे राहून फोटो काढत होते. आमच्या गावचे एक भाऊ तर एका रिकाम्या खुर्चीशी हात मिळवून आले. सवयीने.

जेवणं उरकताना गुरुजी उठले. माटुंग्याला त्यांचं दुसरं लग्न होतं. मी मनात बोलले, झालं, पायलटचे तास संपले. पण माणूस चांगला. बोलले, "आजी, गोरज मुहूर्त धरा. गुरं घरी परततात ती वेळ, दिवस मावळायच्या आधीची. ती कायम चांगली असते. मी पुतण्याला पाठवतो." म्हणजे दुसरा पायलट मिळाला. आता विमान उभं करायला जागा नव्हती. हॉल संध्याकाळी दुसऱ्यांना दिलेला. तेव्हा या मंडळाच्याच पोरांनी चाळीच्या पटांगणात खुर्च्या मांडल्या, गणपतीचा पडदा धुऊन ठेवला होता तो मागे बांधला. त्यावर उंदीर होता, तो फुलांनी झाकला.

तेवढ्यात रुचाचा मेसेज आला. उडालो.

मी चाळीतल्या बाळाची टॅक्सी घेतली आणि एअरपोर्टला निघाले. सायलीला बोलले, "हळद घेऊनच येते." ती बोलली, "आजी, लवकर. मला चक्कर येतेय, पण आईला सांगू नको."

बाहेर यायच्या दाराशी कमल मॉप मारत होती. कमल माझ्या हाताखाली तयार झालेली. मला बघून बोलली, "मावशी, रेशमी नेसून ड्युटीवर?" मी तिला सगळं सांगेपर्यंत दार सरकलं आणि वऱ्हाड दिसलं. पुढे लेहेंगा सावरत रुचा, दोन्ही हातांत डबा. मागे पिवळा ओंकार. त्याच्या मागे विहीणबाई, बाकीचे अजून आत सामानापाशी. रुचाने मला बघितलं, "आजी" बोलली आणि पळत सुटली.

तिच्या आणि माझ्या मधे पिवळी पाटी उभी होती.

मी हात वर केला. तोंडातून आवाज निघायच्या आत तिने पाटीला वळसा घातला आणि ओल्यात पाय टाकला. ती एकीकडे, डबा एकीकडे, झाकण गडगडत टॅक्सीच्या रांगेपर्यंत. हळद फरशीवर पसरली. काळ्या चकचकीत दगडावर पिवळी, डोशासारखी.

रुचा बसल्या जागी रडायला लागली. तिला लागलं नव्हतं. विहीणबाई हळदीकडे बघत बोलल्या, "संपलं. देवासमोरची हळद पायाखाली गेली. आता काय लग्न लावायचं?" आणि ओंकारला बोलल्या, "तुझ्या मामाला फोन लाव. परतीचं बघायला सांग."

मी फरशीकडे बघितलं. बोलले, "कमल, कधी पुसलंस?"

"आत्ता, मावशी. पाटी लावलीय ना, कोणाला दिसेल तर."

"लिक्विड?"

"तू शिकवलंस तेवढंच."

"पाणी बदललेलं?"

"मावशी, काय बोलतेस."

मी पदर खोचला आणि उकिडवी बसले. रेशमी साडीत उकिडवं बसणं सोपं नसतं. डबा पुढे ओढला. वरची वरची हळद बोटाने गोळा करायला लागले, खालची फरशीला राहू दिली.

विहीणबाई बोलल्या, "जमिनीवरची हळद लावणार नवरीला?"

मी विचारलं, "तुमच्या देवासमोर सांडली असती तर उचलली असतीत?"

"तिथली गोष्ट वेगळी. तिथे रोज पुसलेलं असतं."

"कोण पुसतं?"

"बाई येते."

"इथली मी पुसायचे," मी बोलले.

त्या उभ्या राहिल्या. मला वाटलं आता निघाल्या. मग त्यांनी पर्स उघडली, विमानाचा बोर्डिंग पास काढला, जड शालू सावरत माझ्यासमोर बसल्या आणि त्या पासने हळद खरवडायला लागल्या. माझ्यापेक्षा छान खरवडत होत्या. ओंकारने त्याचा पास काढला. रुचाने नाक पुसलं आणि तिचा काढला. नवरा, करवली, विहीण आणि मी, चौघं फरशीवर. सिक्युरिटीवाला बोलला, आगे चलो, आगे चलो. कमलने पिवळी पाटी उचलून आमच्यासमोर लावली. आणि त्या दिवशी पहिल्यांदा लोक पाटीला थांबले.

टॅक्सीत विहीणबाई डबा मांडीवर धरून बसल्या. दादर गेल्यावर बोलल्या, "सायलीला यातलं काही सांगायचं नाही. कोणीच." सगळ्यांनी मान हलवली. टॅक्सी चालवणाऱ्या बाळाने पण.

चाळीत पोचलो तेव्हा ऊन कौलांवर चढलं होतं. बायकांनी सायलीला घेरलं. नमिताने पहिलं बोट गालाला लावलं, मग कपाळाला. सायली डोळे मिटून बसली होती. एकदम तिने नाक वर केलं. डोळे उघडले.

"आई, ही हळद दिल्लीची ना?"

"हो. का?"

"हिला आजीचा वास येतोय."

विहीणबाईंनी माझ्याकडे बघितलं. मी बोलले, "धुक्याचा असेल. नमिता, लाव लवकर, ऊन चाललं."

गोरज मुहूर्तावर लग्न लागलं. तुम्ही सगळे होतात. अक्षता दुपारच्याच होत्या.

इथपर्यंत बोलून मी फोन ठेवला. सायली आता दिल्लीला सासरी असते, तिथे बसून हे टाइप करतेय. थोड्या वेळाने तिचा फोन आला.

"आजी. जमिनीवरची?"

मी बोलले, "कमलने पुसलेली होती. पाणी बदललेलं होतं."

मागे विहीणबाईंचा आवाज येत होता, कोण आहे गं फोनवर, असा.

मग तिने विचारलं, "पाटी लावली होती ना?"

"होती."

"मग ठीक आहे," ती बोलली आणि पुढचं टाइप करायला घेतलं.